रांगेतली पहिली करवंटी

द्रुपदीबायला मी पहिल्यांदा भेटले तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. तिने माझे हात बघितले. ते रिकामे होते.

"करवंटी खंय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "मी शाळेतली नवी मास्तरीण. मुलीला बालवाडीत ठेवायचंय."

"मास्तरीण तुमी शाळेत. हयसर तुमी आवस. जावा, करवंटी घेवन येवा."

शाळेत मास्तरीण, आणि इथे मी नुसती आई! मला असा संताप आला म्हणता! कडेवर दोन वर्षांची शुभा, नवरा बदलीच्या नोकरीवर दूर, शाळेची घंटा व्हायची वेळ, आणि ही बाई माझ्याकडे नारळाची करवंटी मागते! पण गावात दुसरी सोय नव्हती. मी मुकाट्याने घरी आले, नारळ फोडला, खोबरं खरवडलं आणि करवंटी घेऊन नाक मुठीत धरून परत गेले.

तारकर्लीच्या अलीकडची आमची वाडी. समुद्र पुढे, खाडी मागे. पहाटे होड्या आल्या की बायका टोपल्या भरून मालवणच्या बाजारात जायच्या. मुलं मग वाळूत, कुत्र्यांच्या आणि देवाच्या भरवशावर. त्या वर्षांत सरकारने गावोगाव महिला मंडळं काढली, दुधाची भुकटी पाठवली. आमच्या मंडळाच्या बायकांनी होड्या ठेवायचा जुना मांगर झाडून घेतला आणि बालवाडी द्रुपदीबायच्या हाती दिली. मासे विकणारी विधवा बाई, अक्षराची ओळख नाही. पण तिच्या शब्दापुढे जायची कोणाची छाती नव्हती.

तिचा नियम एकच. "वीस पोरां. एकविसावा नाय. माका डोळे दोनच आसत." वीस भरली की उरलेल्यांनी रांगेत थांबायचं. ही रांग कागदावर नव्हती. मांगराच्या दोन खांबांना सुंभ बांधलेला होता आणि त्यावर करवंट्या टांगलेल्या. प्रत्येक आईने आपली करवंटी आणायची, तिच्यावर कोयत्याने आपली खूण कोरायची आणि स्वतःच्या हाताने शेवटी अडकवायची. कोणी मासा कोरी, कोणी फणी. मी शुभाचं नाव लिहून नेलं तर म्हणाली, "ह्या माका वाचूक येणा नाय, आणि फुडच्या बायकांकय येणा नाय. चित्र काडा." मी छत्री काढली. जागा रिकामी झाली की पुढची करवंटी उतरायची, राखेने घासली जायची आणि त्या मुलाला तिच्यातच पेज मिळायची. येता-जाता सगळा गाव रांग बघायचा, त्यामुळे कोणाला मागल्या दाराने घुसायची सोय नव्हती. सरपंचाच्या पुतणीची करवंटीसुद्धा पावसाळाभर तिथे वाऱ्यावर खडखडत होती.

शुभाचा नंबर दिवाळीनंतर लागला. तोवर मी तिला टेबलाखाली बसवून वर्ग घेतले, आणि रोज मनातल्या मनात द्रुपदीबायला शिव्या घातल्या. पण शुभा तिथे जायला लागली आणि माझं तोंड बंद झालं. बाई दारात बसायची ती अशी, की मूल उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायच्या आधी तिचा हात त्याच्या कमरेला पोचलेला असे. पाण्याला जायचं तरी कोणाला तरी दारात बसवून जायची.

सुंभाच्या अगदी सुरुवातीला एक जुनी, काळी पडलेली करवंटी होती. तिच्यावर खूण नव्हती. पुढच्या सगळ्या उतरायच्या, ती कधी उतरायची नाही. एकदा मी विचारलं, "बाय, ही कोणाची?"

"माज्या बाबल्याची," ती म्हणाली, आणि त्या दुपारी मला सगळं सांगितलं.

तिचा नवरा समुद्रात गेला तो आलाच नाही. पदरात अडीच वर्षांचा बाबलो. बाजारात जाताना ती त्याला वैनीबायच्या ओटीवर बसवायची. वैनीबाय म्हणजे खोताची बायको. खाडीकाठी मोठं घर, पुढे ही लांबलचक ओटी, आणि तिच्यावर दिवसभर बसायला एक झोपाळा. कोळणी पायरीवर टेकून गेल्या की वैनीबाय मागून तांब्याभर पाणी ओतायची. ते मीही माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एका सकाळी तिने द्रुपदीला सांगितलं, "आज नको गो. पावणे येवचे आसत, माशांचो वास येता. मागसून बघूया." द्रुपदीने मुलाला होडीच्या सावलीत बसवलं, हातात करवंटी दिली खेळायला, आणि ती बाजारात गेली. परत आली तेव्हा भरती आली होती. करवंटी मिळाली. मूल दुसऱ्या दिवशी मिळालं.

"दोन शब्द, बाई," ती मला म्हणाली. "'मागसून बघूया.' पावणे तर इलेच नाय त्या दिवसा."

हे ऐकल्यावर मी त्या घरावरून जाताना कधी मान वळवली नाही. आणि पुढे जे झालं ते बघून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

कुळकायदा आला आणि खोतांची जमीन गेली, जमिनीमागे गडीमाणसं गेली. खोत वारले. मुलगा मुंबईला नोकरीत, सून क्षयाने आजारी पडून दूरच्या दवाखान्यात. घरात उरली वैनीबाय, तिचे आखडलेले गुडघे आणि दोन वर्षांचा नातू, बंड्या. तो पोरगा म्हणजे पारा! दार उघडं दिसलं की खाडीकडे धावायचा. म्हातारीला भिंत धरल्याशिवाय उठता येत नसे, ती त्याच्या मागे काय धावणार?

आधी तिने शेजारच्या माणसाच्या हाती पितळेची वाटी पाठवली. द्रुपदीबायने वाटी परत केली. "करवंटी लागता. आणि जेचा पोर तेचो हात." मग वैनीबाय स्वतः आली, काठी टेकत, चार ठिकाणी थांबत. बायका दूध वाटत होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. म्हातारीने करवंटी सुंभाच्या शेवटी अडकवली. तिच्यावर कमळ कोरलेलं होतं.

"कदी लागात नंबर?" तिने विचारलं.

द्रुपदीबायने तिच्याकडे बघितलं. किती वर्षं ते शब्द जिभेखाली ठेवले होते कोण जाणे. "मागसून बघूया," ती म्हणाली.

वैनीबायचा चेहरा पांढरा पडला. तिला आठवत होतं! मला वाटायचं, अशा लोकांना आठवत नसेल. त्यानंतर दर आठवड्याला ती यायची, रांग बघायची, विचारायची, आणि तेच दोन शब्द घेऊन परत जायची. पेरलं तसं उगवलं, दुसरं काय?

एका दुपारी मासे विकून परतणाऱ्या एका बाईने बंड्याला खाडीतून उचललं. कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून हसत होता मेला. बाई त्याला थेट मांगरात घेऊन आली. मागोमाग वैनीबाय, काठी नाही, पदर खाली लोळतोय. ती द्रुपदीबायच्या पायाशी बसली. बसली कसली, कोसळलीच.

"द्रुपदी, पाया पडतंय तुज्या. ह्येका घे. माजा काय ता माका दी, पण ह्येका घे."

द्रुपदीबायने बंड्याला आपल्या पदराने पुसलं. डोकं, मान, पाय, सगळं नीट पुसलं. मग म्हणाली, "रांग मी मोडूचंय नाय. ह्येच्या फुडे सोळा पोरां आसत, तेंकाय आवशी आसत. पण वैनीबाय, तुमची ओटी रिकामी आसा मां? उद्यापासून सोळाय पोरां तुमच्या ओटयेर बसतली. तेंच्यावांगडा तुमचो नातू. दोन-दोन आवशी पाळयेन राखतल्यो. टोपल्यो पायरेर ठेवतल्यो. आणि मागसून पाणी ओतूचा नाय."

"बरा," वैनीबाय म्हणाली. "बरा गो. बरा."

दुसऱ्या दिवशी सुंभ रिकामा झाला. सोळा अधिक एक करवंट्या ओटीवर पोचल्या. ज्या ओटीवर एका मुलाला जागा नव्हती, तिथे सतरा मुलं पेज ओरपत होती, आणि पायरीवर माशांच्या टोपल्या सताड उघड्या. मी मधल्या सुट्टीत मुद्दाम बघायला गेले. द्रुपदीबाय सगळ्यांत शेवटी आली. तिच्या हातात ती काळी करवंटी होती. झोपाळ्यासमोरच्या खांबाला तिने ती बांधली, बरोबर बसल्या माणसाच्या नजरेसमोर, आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

"ही हयसर ऱ्हातली," एवढंच बोलली.

तिथे ती करवंटी राहिली. बंड्या शाळेत जायला लागला, त्याची आई बरी होऊन आली, दरवर्षी नवी मुलं ओटीवर आली. आमच्या वाडीत मुलांना रांगेत थांबावं लागलं नाही ते तेव्हापासून. वैनीबाय झोपाळ्यावर बसायची. पुढे पुढे ती झोपाळ्याला पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पाटावर बसायला लागली.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिने माझ्याकडून द्रुपदीबायला बोलावणं पाठवलं. आम्ही दोघी गेलो. उजेड हवा म्हणून तिचं अंथरूण ओटीवरच घातलं होतं. म्हातारीने बोटाने खांब दाखवला.

"काड गो आता ती. मी चुकलंय. कितके वेळा सांगू?"

द्रुपदीबायने तिचं पांघरूण सारखं केलं. उशाशी पाण्याचा तांब्या सरकवून ठेवला. मला वाटलं, आता उठेल आणि गाठ सोडेल. गाठीपाशी ती गेलीसुद्धा.

"मागसून बघूया," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

वैनीबाय त्याच आठवड्यात गेली. गाव द्रुपदीबायला काय काय बोलला! काळीज दगडाचं, मरणाऱ्याचंही ऐकलं नाही, असं बरंच. आजही बोलणारे आहेत, त्यांच्यासाठीच मी हे लिहिते आहे. ज्यांची मुलं तिच्या डोळ्यांसमोर वाढली त्यांनी तरी बोलू नये. पण तेव्हा मलाही राहवलं नाही. मांगरात जाऊन मी तिला म्हटलं, "बाय, एक गाठ तर सोडायची होती. सुखाने गेली असती बिचारी."

ती दारात बसली होती, नेहमीसारखी. नजर मुलांवर.

"व्हय. सुखान गेली असती," ती म्हणाली. "माजो बाबलो खंय सुखान गेलो?"

मग मला दारात बसवून ती पेजेचा टोप उतरवायला उठली.