डोंगर फुटायची वाट

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझं लग्न होऊन दुसरं वर्ष होतं. सुगी संपली आणि गावात जमिनीखालून आवाज येऊ लागले. आधी जात्यासारखी घरघर, मग धाडकन काहीतरी आदळल्यागत. फळीवरची भांडी खाली यायची. हैदराबादेहून आलेला एक पाहुणा म्हणाला, असे डोंगर असतात, पोटातून आग ओकतात. झालं, गावामागचा डोंगर फुटणार हे ठरूनच गेलं.

एका संध्याकाळी आवाज थांबेनात, तसं सगळं गाव लेकरं, गुरं घेऊन मोकळ्या रानात जाऊन बसलं, डोंगराकडे तोंड करून. भीती होती, तशी पाहायची हौसही होती.

डोंगराच्या पायथ्याशी आमच्या नव्या विहिरीचं काम चालू होतं. सुरुंग लावणारा कारागीर आणि त्याची बायको तिथंच पालात राहत. मध्यरात्री जमीन जोरात हादरली, तसा माझा चुलत दीर उठला.

"त्यानंच बारूद उडवून डोंगर जागा केला," तो म्हणाला.

माणसं काठ्या, पलिते घेऊन त्याच्यामागं निघाली. त्यांच्यामागं सासूबाई धावल्या आणि सासूबाईंमागं मी.

आम्ही पोचलो तोवर कारागिराला पालाबाहेर ओढलं होतं. काठ्यांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. बायको त्याच्या अंगावर पडली, तर तिलाही मारलं.

"विहीर म्या खांदायला लावली," सासूबाई मध्ये घुसल्या. "मारायचं तर मला मारा."

कुणीतरी खरंच मारलं. त्यांचं मनगट लोंबायला लागलं.

तेवढ्यात दिरानं पलिता पालावर फेकला. रक्तानं माखलेला कारागीर कसाबसा उठला.

"आत बारूद हाय," तो म्हणाला. "पळा समदे, लांब पळा."

बायकोला ओढत तो विहिरीच्या खड्ड्यात उतरला. लोक पळाले. दीर तिथंच उभा राहिला. "भेव दाखवून राहिला," म्हणाला आणि हसला.

मग बारूद उडाली आणि त्या उजेडात डोंगरावरचं झाड न् झाड दिसलं. दगड आमच्या पाठीत बसले. रानातली गुरं दावी तोडून लेकरांमधून उधळली. एक तान्हं पोरगं त्यात गेलं. दीर सापडला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

सकाळी सासूबाईंनी त्या नवराबायकोला आमच्या गाडीत घालून वसमतला दवाखान्यात पाठवलं. गाडीत बसताना बाईनं विचारलं, "मावशी, आमाला काहून मारलं?"

सासूबाईंनी धड हातानं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांचा हात पुढे कायमचा वाकडा राहिला.

काही दिवसांनी आवाज बंद पडले. डोंगर होता तिथंच आहे. दिराचे दोन्ही डोळे गेले, पण तो खूप जगला. नातवंडं भोवती बसली की तो सांगायचा, डोंगर फुटला तेव्हा सगळ्यांत जवळ मीच होतो. आम्ही घरातल्या बायका चुलीपाशी बसून ऐकायचो.