वैनगंगेच्या रेतीतला बर्फ

चामोर्शी तालुक्यातल्या त्या घाटावर कुणालाही विचारा, भैयाजी मोहुर्ले रोज सकाळी नदीत काय करतात, तर तो हसून सांगेल, "बर्फ मोजते थो." उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश तापणाऱ्या मुलखात बर्फ मोजणारा माणूस म्हटल्यावर लोक हसणारच. पण हेच हसणारे नदीत उतरण्याआधी नूर मोहम्मदच्या चहाटपरीवरचा काळा फळा मुकाट्यानं वाचतात.

दिवाळी सरली की वैनगंगेचं पाणी उतरतं, डोंगे काठाला लागतात आणि पलीकडची, चंद्रपूर जिल्ह्यातली माणसं बाजाराला पायीच येतात. पाणी कुठे घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं. मात्र वरच्या धरणातून पाणी सुटलं की रेती रातोरात जागा बदलते. दिसायला टणक, आणि पाय दिला की माणूस आत. तीन वर्षांपूर्वी एक बाई कमरेपर्यंत रुतली, चौघांनी ओढून काढली. त्या दिवसापासून भैयाजींनी हे काम अंगावर घेतलं. बांबू टोचत वाट शोधायची, पळसाच्या फांद्या रोवायच्या, फळ्यावर लिहायचं. नूर त्याचा फोटो काढून दोन्ही काठांच्या ग्रुपवर टाकतो.

हे खूळ आलं हिमालयातून. भैयाजी आणि नूर एकाच दिवशी फौजेत भरती झालेले. तिथल्या चौकीवर भैयाजी रोज सकाळी बर्फात कमरेइतका खड्डा खणायचे आणि थर बघायचे. वर कापसासारखा, मध्ये पापडासारखा कडक, आणि तळाशी कधीकधी साखरेसारखा सुटा. तळाशी साखर दिसली, किंवा पायाखाली धप्प असा पोकळ आवाज आला, की अख्खा उतार घसरू शकतो. मग वायरलेसवरून सगळ्या चौक्यांना आणि खालच्या मेंढपाळांनाही कळवायचं, आज इकडे फिरकू नका.

त्या बर्फानं त्यांना अजून सोडलेलं नाही. हिवाळ्यात धुकं उतरलं की रेती पांढरी, हवा पांढरी, आणि बासष्ट वर्षांच्या भैयाजींना आपण कुठल्या देशात चालतोय तेच कळेनासं होतं. बगळा उडाला तरी त्यांना वाटतं, कड्यावरून बर्फ सुटला. "तुमी अर्धे तिथीच राह्यले जी," असं त्यांची बायको शकुबाई म्हणते. खोटं नाही ते.

जानेवारीतल्या एका बाजाराच्या दिवशी असंच दाट धुकं होतं. आदल्या दिवशी भैयाजींनीच फळ्यावर लिहिलं होतं, "सरळ वाट. रेती पक्की." त्याच वाटेनं ते तंद्रीत चालले होते. मधोमध आल्यावर पायाखाली आवाज झाला. धप्प. पोकळ, खोल, ओळखीचा.

ते थबकले. पण काल आपणच पक्की म्हटलेली वाट! त्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि कमरेपर्यंत आत गेले.

धडपड केली असती तर आणखी रुतले असते. त्यांनी बांबू आडवा टाकला, पाठीवर रेलले आणि हळूहळू पाय सोडवून घेतले. रेतीवर पडल्या पडल्या त्यांना धुक्यात नुसतं पांढरं दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर फार बरं वाटलं. मग लाज आली. कुणी पाहिलं नव्हतं. फांद्या चार हात डावीकडे रोवल्या की झालं, त्यांचं नाव राहिलं असतं.

उठून त्यांनी मागे पाहिलं. ओल्या रेतीत त्यांचीच पावलं सरळ त्या खड्ड्याकडे आली होती. धुक्यात फांदी कोण शोधतो? लोक भैयाजींची पावलं बघूनच चालणार. पलीकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू येऊ लागलं होतं.

"थांबा! कोनी उतरू नका!" ते ओरडले. तिकडून सोनीबाई भाजीवालीची हाक आली, "थांबलो, भाऊ!"

चिखलानं माखलेले भैयाजी टपरीवर आले आणि त्यांनी खडू उचलला. "कालची वाट चुकीची. मी स्वतः कमरेपर्यंत रुतलो. आधी पायाखाली आवाज आला होता, तरी पुढं गेलो. भैयाजी."

"एवढं काऊन लिहून राह्यला?" नूर म्हणाला. "वाट बदलली, झालं."

"त्या दिवशीबी आला होता आवाज."

"कोन्त्या दिवशी?"

भैयाजींनी नूरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्या हाताला तीनच बोटं आहेत. तीस वर्षांपूर्वी उतार घसरला, नूर बर्फाखाली गाडला गेला आणि दोन बोटं तिथंच ठेवून परत आला.

"सकाळी मी वायरलेसवर उतार पक्का म्हनून सांगून बसलो होतो. मंग आवाज आला. आता शब्द फिरवला तर हसतीन, म्हनून सांगितलं नाई. तू माह्यामुळं गाडल्या गेला, नूर."

तीस वर्षं छातीत दाबून ठेवलेलं वाक्य होतं ते. भैयाजींचे डोळे भरून आले. स्टोव्हवर चहा उतू गेला, तरी नूर हलला नाही.

"मलेबी आला होता," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"आवाज. पाय ठेवल्याबरोबर. मले वाटलं, भैयाजीनं पक्का म्हटला हाय, मी कोन बोलनारा?"

नूरनं तीन बोटांत खडू धरला आणि भैयाजींच्या नावाखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, "आवाज मलेबी आला होता. नूर मोहम्मद." फोटो काढला आणि ग्रुपवर टाकून दिला.

मिनिटभरात पलीकडून सोनीबाईचा फोन आला. "नूरभाऊ, तुमी कवा गेलते नदीत?"

"लय जुनी गोष्ट हाय, बाई," नूर म्हणाला. "सांगाची राहून गेलती."

आणि त्यानं भैयाजींच्या हातातला बांबू घेतला. "चाल, नवी वाट दोघं मिळून पाहू."