वाटणीची घागर

कावेरीबाईंच्या उंबऱ्याशी पितळेची एक घागर पालथी घातलेली असते. घरात नळ आला, गच्चीवर टाकी बसली, तरी ती घागर त्यांनी तिथून हलू दिली नाही. मुलगी विशाखा नांदेडहून आली की म्हणते, "आई, मोडीत घाल की ही." त्यावर कावेरीबाई म्हणतात, "तुलाच घालीन मोडीत!"

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी मुदखेडची ही पोर साहेबराव गवंड्याची बायको होऊन लातुरात आली. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागणार होत्या, क्वार्टर लागणार होते. साहेबरावांच्या हाती थापी आणि कावेरीबाईंच्या डोक्यावर घमेलं. पुढे साहेबराव गेले, पण त्या इमारतींवरून रिक्षा जाऊ लागली की कावेरीबाई अजून बाहेर बोट दाखवतात. "साहेब किती बी येऊ द्या, जिल्हा मी डोक्यावर वाह्यलाय."

मजुरांनी वसवलेल्या त्यांच्या गल्लीत तेव्हा एकच नळ होता. कुणी ठरवला कोण जाणे, पण एक नेम होता. आजारी, बाळंतीण किंवा कामावर अडकलेल्या बाईची घागर आधी भरायची. जिचा नंबर लागेल तिनं पहिली घागर त्या बाईच्या दारात नेऊन ठेवायची, मग स्वतःची भरायची. तिला वाटणीची घागर म्हणत. घागर कुणाची आणि हात कुणाचा, हे त्या गल्लीत कुणी विचारलं नाही. इतर ठिकाणी विचारत होते, हे कावेरीबाईंना माहेरापासून ठाऊक होतं. म्हणून तर त्या गल्लीचं त्यांना एवढं अप्रूप. विशाखाच्या वेळी समोरच्या नागाबाईनं पाणी भरलं, नागाबाईचा पाय मोडला तेव्हा कावेरीबाईंनी. भांडणंही याच दोघींची सगळ्यांत मोठी.

मग तो दुष्काळ आला, रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो. त्याच्या आदल्या दिवाळीत अंघोळ करताना कावेरीबाईंच्या हाताला छातीत गाठ लागली होती. विशाखा नांदेडला शाळेत शिक्षिका. तिनं आईला तिकडं नेलं, ऑपरेशन झालं. नंतरची सलाईनची इंजेक्शनं लातुरातच घेतली. केस गेले, अंगातलं त्राण गेलं. टँकर आला की गल्लीत झुंबड उडायची आणि कावेरीबाई खाटेवरून नुसत्या ऐकत पडायच्या. पण दारात घागर रोज यायची. नागाबाई ती आदळून ठेवायची आणि ओरडायची, "महाराणी, पाणी आलंय!"

इंजेक्शनं संपली तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुखणं परत उलटू नये म्हणून एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे, मुंबईत विचारा. कावेरीबाईंनी तिथंच मान हलवली. "मुंबईला मी न्हाई येणार. दवाखान्याच्या बाहेर फुटपाथावर निजतेत लोकं. मरायचं तर आपल्या गल्लीत मरीन."

विशाखानं वाद घातला नाही. अशा चाचण्यांची नोंद सरकारी संकेतस्थळावर असते आणि त्यात गावंही लिहिलेली असतात, हे तिला शाळेतल्या एका मैत्रिणीनं सांगितलं. सगळं इंग्रजीत. दोघी एकेक ओळ बोटानं लावत बसल्या. मुंबई, पुणे, हैदराबाद, आणि खाली लातूर! दवाखाना कावेरीबाईंच्या गल्लीपासून रिक्षानं जाण्यासारखा. विशाखा फोनवर हसत होती आणि रडतही होती. "आई, आपण देश पालथा घालत होतो, आणि ते तुझ्या परसात हाय."

तिथल्या मल्लिकार्जुन डॉक्टरांनी सगळं मराठीत समजावलं. नेहमीची गोळी सगळ्यांनाच मिळणार. शिवाय एक बाटली. कुणाच्या बाटलीत नवं औषध, कुणाच्यात तशीच दिसणारी, औषध नसलेली साधी गोळी. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. नको वाटलं तर कधीही सोडता येईल. हे समजावणं नियमाप्रमाणे कॅमेऱ्यात घेतलं, तेव्हा कावेरीबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला. "लग्नात बी माझा फोटू काढला न्हवता, सायेब."

त्या उन्हाळ्यात एका दुपारी नागाबाई घागर ठेवून परत गेली नाही, उंबऱ्यावरच बसली. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मला बी हाय."

"काय हाय?"

"तुला हाय तेच. गाठ. पोरायला सांगू नको, तुला आई भवानीची आण. मुंबईला धाडतेल मला."

कावेरीबाईंनी तिचा हात धरला. संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्यांनी त्रिशरण म्हटलं आणि तिथंच त्यांना सुचलं. दुसऱ्या दिवसापासून बाटलीतली गोळी एक दिवस त्यांची, एक दिवस नागाबाईची. आपल्याला पाणी वाटून मिळालं, औषध कसं एकटीनं गिळायचं?

पुढच्या तपासणीला सिस्टरनं उरलेल्या गोळ्या मोजल्या. हिशेब चोख होता. "आजी, एकही दिवस चुकला नाही तुमचा. शाबास!"

कावेरीबाई खुलल्या. "चुकवीन कशी? आणि बाई, आमच्या नागाबाईनं तुमाला लई आशीर्वाद दिलेत. तिला बी गुण येऊन राहिलाय."

सिस्टरचा हात बाटलीवरच थांबला.

मल्लिकार्जुन डॉक्टर ओरडले नाहीत, तेच कावेरीबाईंना जास्त लागलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मावशी, हे औषध अजून तपासायचंय. त्यांना काही झालं असतं तर? आणि तुम्ही अर्धंच घेतलंत, तर गोळीचा गुण आम्हाला कळणार कसा? हे मला चाचणीवर नजर ठेवणाऱ्या समितीला कळवावं लागेल. तुम्हाला चाचणीत ठेवायचं की नाही, ते समिती ठरवील."

"न्हाई ठेवलं तर?"

"तर ही बाटली बंद. नेहमीची गोळी चालू राहील."

कावेरीबाईंच्या डोळ्यापुढे मुंबईचा फुटपाथ उभा राहिला. बाटली बंद झाली की विशाखा मुंबईचंच नाव काढणार. घरी येऊन त्या खाटेवर पडल्या. नागाबाईची आण एकीकडे, डॉक्टरांचे शब्द दुसरीकडे. मग त्या उठल्या, समोर गेल्या आणि तांदूळ निवडत बसलेल्या नागाबाईचं सूप बाजूला सारलं.

"ऊठ. रिक्षा बोलावलीय."

"मी न्हाई येत."

"येतीस का गल्लीभर बोंब मारू?"

"आण घातलीय तुला!"

"घातलीस ना? लागू दे मला. पर तू ऊठ."

दवाखान्यात नागाबाईला पुढं ढकलत कावेरीबाई म्हणाल्या, "सायेब, माजं नाव ठिवा न्हाईतर काढा. पर आदी हिला बगा."

गाठ लहान होती. नागाबाईचं ऑपरेशन लातुरातच, सरकारी योजनेतून झालं. पोरांना कळलं तेव्हा मुंबईचं नाव कुणी काढलंच नाही. धाकटा आईचे पाय चेपत बसला. त्या दिवसांत नागाबाईच्या दारात घागर कावेरीबाई न्यायच्या. अर्धीच भरायच्या, तेवढंच झेपायचं.

समितीचं उत्तर यायला वेळ लागला. तोवर कावेरीबाईंनी बाटलीला हात लावला नाही, तसबिरीशेजारी ठेवून दिली. मग डॉक्टरांचा निरोप आला. चूक नोंदवून घेतली होती, पुन्हा समजावून सांगायचं होतं, नाव राहिलं होतं.

काही वर्षांनी चाचणी संपली, तेव्हा मल्लिकार्जुन डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, कावेरीबाईंच्या बाटलीत साधी गोळी होती. औषध नव्हतंच.

कावेरीबाईंनी कपाळावर हात मारला. मग नागाबाईकडे वळल्या. "म्हंजे बाई, मी तुला रिकामीच घागर दिली!"

"तरीच म्हणलं कडू कशी लागंना," नागाबाई म्हणाली. "आन् वर मी तुज्या गोळीला गुण हाय म्हणून गल्लीभर सांगून राहिले."

"गल्लीभर? आन् मला आण घातली व्हतीस!"

दोघी रिक्षात भांडतच घरी आल्या. गल्लीत नळ चालू होते, बाहेर कुणी नव्हतं. पूर्वी या वेळेला पाण्यावर किती कलकलाट असायचा. नागाबाई आपल्या दाराकडे वळली, थबकली, मागं आली. उंबऱ्याशी पालथी असलेली पितळेची घागर तिनं सुलटी केली, कावेरीबाईंच्याच नळाखाली धरून भरली आणि परत जागेवर आदळली.

"महाराणी, पाणी आलंय!"