नथवालीवर दोन दावे

बाळांनो, नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता पुसट झाल्या, पण पाथर्डी तालुक्यातल्या पोलीस ठाण्यातली ती सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी तेव्हा पोलीस निरीक्षक होते.

बाहेरगावच्या एका मसाला कंपनीचा व्यवस्थापक वकिलाला घेऊन आला. इथल्या महिला बचत गटाने आमचं बोधचिन्ह चोरलं, असा त्याचा तक्रार अर्ज होता. चित्र आमच्याच कलाकाराने काढलेलं आहे, असं त्यात ठासून लिहिलेलं. गटाचा माल दुपारी टेम्पोने प्रदर्शनाला निघणार, ही खबरही त्यानेच दिली. "त्याआधी जप्ती करा," एवढाच त्याचा धोशा. ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद घेतली, दोन पंच बोलावले.

गटाच्या अध्यक्षबाई मसाल्याचं पाकीट घेऊन आल्या. त्यावर जात्याशी बसलेली नथवाली बाई. कंपनीच्या पाकिटावरही तीच.

"हे चित्र कुणाचं?" मी विचारलं.

"माझ्या सासूचं."

"त्यांचा फोटो दाखवा."

त्या घुटमळल्या. "फोटो कदी काडलाच न्हाई. पन दिसायच्या अशाच."

व्यवस्थापक हसला. "मॅडम, उद्या आमच्या मालकांना दीर म्हणतील या!"

खोटं बोलणारा माणूस सहसा तपशील वाढवत जातो. या बाई एकाच वाक्यावर अडून होत्या. तरी पहिलाच जबाब टिकेना, म्हणून माझा संशय बळावला. माल अडकला तर प्रदर्शन हुकणार आणि गटावर चोरीचा शिक्का बसणार. तरीही मी पंचनाम्याचा मथळा लिहिला.

पंचांना दाखवायला दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली, तशा अध्यक्षबाई खाली वाकल्या.

"म्याडम, यांच्या बाईची नथ उजव्या नाकात हाय की! पदर बी उलट्या खांद्यावर. असं कोन नेसतं व्हय?"

माझं पेन थांबलं. चित्र आरशातल्यासारखं फिरवलेलं होतं. म्हणजे कंपनीचं चित्र मूळ नव्हतं; आणि फोटोच नसलेल्या सासूचं चित्र गटाकडे तरी आलं कुठून?

गटाचं पाकीट बनवणाऱ्या डीटीपीवाल्याला बोलावलं. त्याने तयार चित्रांची एक वेबसाइट उघडली. तिथे नथवाली होती, नथ डावीकडे. "इथून घेतलं, मॅडम. रीतसर परवाना काढून." वकील बाहेर जाऊन कंपनीच्या कलाकाराशी फोनवर बोलला आणि पडलेल्या चेहऱ्याने परतला. त्यांचंही चित्र तिथलंच होतं. ओळखू येऊ नये म्हणून उलटं केलेलं. अर्ज मागे घेतला गेला.

मी मात्र परवान्याच्या अटी शेवटपर्यंत वाचल्या. जाहिरातीला, सजावटीला मुभा. बोधचिन्ह म्हणून वापरायला मनाई. जे चित्र कुणीही घेऊ शकतो, ते एकाची ओळख कसं होणार?

"म्हंजी टेम्पो थांबवायचा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तक्रारच उरली नाही, मी अडवणार नाही. पण पुढच्या छपाईला ही बाई नको. ती तुमचीही नाही."

त्यांनी पाकिटावरून अंगठा फिरवला. "इतकी वर्सं हिला सासू म्हनलो आमी."

लेखी तक्रार नीटनेटकी असली की ती आपोआप खरी वाटू लागते, हे मी त्या दिवशी स्वतःतच पाहिलं. एकाने चित्र फिरवून लपवलं होतं, दुसरीने त्यात आपलं माणूस पाहिलं होतं. परवान्याच्या अटीपुढे दोघंही सारखीच. ती बाई तुमची नाही, हे अध्यक्षबाईंना सांगणं मला जप्तीपेक्षा जड गेलं.