मामांच्या मापाचं पोतं

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो रवळूमामांमुळे. कॅसलरॉकला शाळेत मास्तर झाल्यावर मी त्यांना उळवीच्या जत्रेला बोलावलं. स्टेशनावरून पुढे नवी प्रवासी मोटार सुटणार होती. तिचा मिस्त्री मला रोज भेटे. बोलताना तो मोटारीच्या पत्र्यावर पान्हा वाजवी आणि माझ्या बोलण्यापेक्षा त्या आवाजाकडेच जास्त कान देई.

"मास्तर, तुमचा मामा अंगानं केवढा हाय?" त्याने विचारलं.

"का?"

"नवी बैलगाडी आधी पोती वाहती, मग माणसं. मोटारीला त्यो नेम न्हाई व्हय?"

मी अंदाज सांगताच त्याने मामांएवढं भाताचं पोतं कडेच्या बाकावर ठेवलं आणि मोटार मुद्दाम मातीच्या ढिगावर घातली. धक्क्याने दार उघडलं, पोतं बाहेर पडून फुटलं.

"मामा गेला की!" हमाल हसले.

मिस्त्री हसला नाही. धडकेत फुटलेल्या कपाळाचं रक्त पुसून त्याने दाराला जाड कडी ठोकली, दुसरं पोतं ठेवलं आणि पुन्हा धडक दिली. पोतं आत राहिलं.

"आता येऊ द्या," तो म्हणाला.

त्याच्यावर विश्वास ठेवावा की पहिल्या पोत्यावर, मला कळेना. दोनदा आपटलेली मोटार सुधारली की खिळखिळी झाली, हेही कळेना. शेवटी पत्र लिहिलं:

"ती. रवळूमामांस साष्टांग नमस्कार. मोटारीने जावे की नाही, हे एवढे शिकूनही मला सांगता येत नाही. स्टेशनावर मी बैलगाडीही उभी ठेवतो. आपण पाहून ठरवा. मोटारीत बसलात, तर दाराकडे मी बसेन."