पिठाची विरी

नव्वदीच्या दशकात मी कोल्हापुरात ज्वारीतल्या पिष्टावर पीएच.डी. करत होतो. सोप्या भाषेत सांगायचं तर, भाकरी का तुटते ते शोधत होतो. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळतं पाणी पडलं की तिच्यातलं पिष्ट फुगतं आणि पीठ एकमेकाला धरून राहतं. या धरून राहण्याला आपल्याकडे विरी म्हणतात. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरीला थापतानाच चिरा पडतात. मी दिवसभर भाकऱ्या भाजायचो, यंत्रात ताणून तोडायचो आणि आकडे लिहायचो. तुटलेल्या भाकऱ्या खायला शेजारच्या विभागातली मंडळी घरून चटणी घेऊन यायची.

स्वभावानं मी हटवादी. जे दिसलं ते बोलून मोकळा. आत्याच्या बासुंदीत कॉर्नफ्लॉवर आहे असं मी भर पंगतीत सांगितलं होतं, त्यावर आत्या वर्षभर माझ्याशी बोलली नव्हती.

प्रबंध बांधायला टाकला त्याच आठवड्यात आई मला एसटीनं गडहिंग्लजला मुलगी बघायला घेऊन गेली. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पोहे झाले, प्रश्नोत्तरं झाली. ती मला बघताक्षणी आवडली, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. तिनं मात्र माझ्याकडे एकदाही धड पाहिलं नाही.

"लांबनं आलासा, जेवल्याबिगार सोडणार न्हाई," तिचे वडील म्हणाले. "आन् भाकरी पोरीच्या हातची हाय."

भाकरी ताटात आली ती चहूबाजूंनी फाटलेली. तुकडा मोडायला गेलो तर हातात भुगा. माझ्या आईनं घसा खाकरला. मुलीच्या आईचा चेहरा पार उतरला.

"पीठ जुनं झालं असंल ओ," ती पुटपुटली.

"पावणं, तुमी तर ह्यातलंच शिकलायसा," वडील म्हणाले. "सांगा की, दोष पिठाचा का पोरीचा?"

मला असा प्रश्न विचारणं म्हणजे आगीत तेल ओतणं. मी तुकडा हुंगला, सावकाश चावला. जुनं पीठ शेवटी कडवट लागतं. हे गोड होतं, अगदी ताजं. पण आतला कण कच्चा, कोरडा. म्हणजे पाणी तापवलंच नव्हतं, गार पाण्यात पीठ मळलं होतं. रोज भाकरी होणाऱ्या घरातल्या मुलीला एवढं ठाऊक नसेल? हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं आणि मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती, सरळ माझ्याकडे बघत. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिला नापसंत करावं म्हणून तिनं मुद्दाम भाकरी बिघडवली होती.

"पिठाचा," मी म्हणालो. "विरी गेलीय."

माझ्या संशोधनातला तो पहिला खोटा निष्कर्ष.

हात धुवायला परसात गेलो तेव्हा पाणी घालायला तिलाच पाठवलं होतं. तांब्या कलता करत ती हळूच म्हणाली, "पीठ कालच दळलंय. तुमाला कळलं न्हवं?"

"कळलं."

"मग खोटं का बोललासा?"

"तुम्ही गार पाण्यात का मळलंत?"

"मला बी.एड. करायचंय. लगीन झालं की कोण शिकवतंय?"

"दोन वर्षं पुरतील?"

"पुरतील."

"आणि त्यानंतर?"

"त्ये तवा बघू की," म्हणून तिनं उरलेलं पाणी माझ्या हातावर ओतलं आणि आत गेली. पण मी शब्द दिल्यासारखं झालं होतं.

बैठकीत मी सांगून टाकलं, "मुलगी पसंत आहे. पण माझा प्रबंध व्हायला अजून दोन वर्षं लागतील. तोवर थांबाल का? त्यांचं बी.एड.ही होऊन जाईल." तिच्या वडिलांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. माझी आई तोंडात सुपारी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. परतताना एसटी निपाणीला थांबली. तेव्हा ती म्हणाली, "प्रबंध बांधायला टाकलाय म्हनलास न्हवं?"

"एक प्रकरण राहिलंय," मी म्हणालो.

पदवी पुढच्या वर्षीच मिळाली. पेढे वाटले ते गल्लीपुरते. गडहिंग्लजला कळू नये म्हणून दारावर डॉक्टर अशी पाटी लावू दिली नाही, तेव्हा माझ्या वडिलांना वाटलं पोराचं डोकं फिरलं. तिकडून ना पत्र, ना निरोप. आपण आपल्याच हातानं घालवली, असं मला रोज वाटायचं. पदवीनंतरही त्याच प्रयोगशाळेत काम चालू होतं, पण भाकऱ्या तोडण्यातही लक्ष लागेना.

दुसऱ्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. अक्षर कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. कार्डावर दोनच ओळी होत्या.

"मी पास झाले. तुमचा प्रबंध कधी संपतोय?"