वर केना, खाली केना

अनुसयाबाई पराते यांचं अर्धं आयुष्य नागपुरात गांधीबागेमागच्या गल्लीत हातमागावर गेलं. माग विकल्यावर त्या मनीषनगरातल्या एका सोसायटीत माळीण झाल्या, पण हाताचं वळण काही गेलं नाही. धागा तोडायचा नाही, आणि तुटलेलं टोक फेकायचं नाही. बागेत या शिस्तीचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर.

सोसायटीचे सचिव गिरिधरराव कोराडीच्या वीज केंद्रातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. एखादी नोटीस काढल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. पोळ्यानंतर लॉनवर केना हे तण माजलं आणि त्यांचं नशीबच उघडलं. सात दिवसांत सात नोटिसा. शेवटची अशी: ‘पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी केना दिसल्यास बागेत गट्टू बसवण्यात येतील.’ सिमेंटचे गट्टू बसले की माती गेली, आणि मातीबरोबर अनुसयाबाईंची नोकरी. साठीत त्यांना दुसरं काम कोण देणार?

त्यांनी केना उपटला. चार दिवसांनी तो पुन्हा हजर. मग खुरप्यानं खोल उकरलं, तर आत पांढऱ्या धाग्यांसारखे फुटवे, आणि त्यांना शेंगा! वर निळ्या फुलांचं बी धरतं ते वेगळंच. हा गडी मातीखाली, फूल न उमलताच, दुसरा संसार थाटून बसला होता.

धागा दिसल्यावर बाईंना राहवेना. एक फुटवा धरला की टोक लागेपर्यंत सोडायचा नाही. कुणाचं टोक बाकाखाली निघे, कुणाचं झोपाळ्याखाली, कुणाचं झेंड्याच्या खांबाखाली.

"बाई, काय करून राहिल्या तुम्ही?" गिरिधररावांनी विचारलं. बाई गुडघाभर चरात उभ्या होत्या.

"फुटवा संपून नाही राहिला जी. तोडला तं अर्धा आतच राहते."

रविवारी कमिटी आली. केना एकही नव्हता. लॉनही नव्हतं. झोपाळा कलला होता आणि झेंड्याचा खांब दोरीनं बाकाला बांधला होता. गिरिधररावांनी आपलीच नोटीस फलकावरून काढून दोनदा वाचली.

"केना दिसल्यास, असं लिहिलं आहे. दिसून नाही राहिला. म्हणजे गट्टू रद्द."

बाईंच्या जिवात जीव आला, तोच खजिनदार प्रेमलताताई म्हणाल्या, "केना संपला, लॉन संपलं. आता माळीण काहून पाहिजे?"

पुढच्या महिन्यापासून माळीण बंद, असं ठरवून सगळे तर्रीपोहा खायला गेले.

अनुसयाबाईंना रडूच आलं. डोळे पुसायला पदर उचलला, तर हाताला गाठ लागली. काही फेकायचं नाही ही जुनी खोड. मातीखालच्या सगळ्या शेंगा त्यांनी पदरात बांधून ठेवल्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गाठ सोडली आणि शेंगा चरात ओतल्या.

मागे चपला वाजल्या. गिरिधरराव चष्मा विसरले म्हणून परत आले होते. त्यांनी शेंगांकडे पाहिलं, मग फाटकाजवळच्या नोटीसफलकाकडे. फलक तीन वर्षांत पहिल्यांदाच रिकामा होता.

त्यांनी पायानं माती लोटली, चपलेनं नीट दाबली आणि हळूच विचारलं, "याले पाणी लागते काय, बाई?"